तातेरावांच्या डोक्यावरचं तेल कुठं गेलं

कल्याण बिडवे चंपी करायला लागला की त्याचे डोळे आपोआप मिटायचे. मग डोकं कुणाचं, हे त्याला बोटं सांगायची. कुणाच्या टाळूवर लहानपणी झाडावरून पडल्याची खोक, कुणाचं डोकं मागून चपटं, कुणाच्या केसांत बारीक रव्यासारखा कोंडा. कुंभार पिंपळगावात बाजाराच्या रस्त्याला त्याचं दोन खुर्च्यांचं दुकान. चौदाव्या वर्षी बापानं हातात वस्तरा दिला, आता वय चोपन्न. एवढ्या वर्षांत एकेका घरातल्या तीन-तीन पिढ्यांची डोकी त्याच्या हाताखालून गेली होती.

आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट त्याच्या ध्यानात येऊन बसली होती. पाचव्या महिन्यात जावळ काढायला आणलेल्या एखाद्या लेकराच्या टाळूवर पिवळी, चिकट खपली असायची. ती तेलात भिजवून हलक्या हातानं सोडवावी लागे. तेच लेकरू दोन वर्षांचं झालं की टाळू कोरडी, स्वच्छ. मग पोरगं दिवसभर उन्हात खेळो, घामाघूम होवो, धुळीनं माखो. त्याच्या डोक्याला तो चिकटपणा कधी यायचा नाही. असं आठ-दहा वर्षं चालायचं. पुढं ओठावर लव दिसायला लागली, आवाज फुटला, की त्याच टाळूवरून कंगवा तेलकट होऊन बाहेर यायचा. नाकाच्या दोन्ही बाजूंना चकाकी, कपाळावर पुटकुळ्या, केसांत कोंडा.

हे तेल मधली वर्षं कुठं जाऊन बसतं? कल्याणनं एकदा बापाला विचारलं होतं. बाप म्हणाला, “वयाची गरमी असती, बाबा.” गरमी म्हणजे काय, हे मात्र बापालाही सांगता आलं नव्हतं.

गावातल्या सगळ्या तेलकट डोक्यांत पहिला मान तातेरावांचा. उंचापुरा गडी, बहात्तरी गाठलेली, भरघोस मिशा, गावाबाहेर मोसंबीची बाग, दोन वेळा सरपंच राहिलेले. पण सकाळी नऊ वाजता डोकं धुऊन निघालेला हा माणूस अकराला दुकानात यायचा तेव्हा कपाळ आरशासारखं चमकत असायचं. भुवयांत पांढरे पापुद्रे, नाकाच्या कडेला लाल चट्टे, कानामागं खपली. लिंबू झालं, दही झालं, कडुनिंबाचा पाला उकळून झाला. डॉक्टरनं दिलेल्या मलमानं महिनाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. तातेराव स्वतःच हसायचे. “कल्याण, माझ्या डोक्यावर घाणा बसव. गावाला तेल पुरंल.”

तीस वर्षं ते कल्याणकडं येत होते. दाढी रोज, चंपी दर शनिवारी. त्यात खंड पडला तो गेल्या दिवाळीनंतर. तातेराव थोरल्या मुलाकडं संभाजीनगरला गेले. डोळ्याचं ऑपरेशन आहे, असं घरच्यांनी सांगितलं. एका डोळ्याला चार महिने कसे लागले, हे कुणी विचारलं नाही.

होळी होऊन गेल्यावर एका सकाळी ते दुकानात आले आणि नेहमीच्या खुर्चीत बसले. चेहरा थोडा भरलेला, सुजल्यासारखा. कल्याण खूश झाला. आधी चंपी, असं म्हणून त्यानं हात चोळले, डोळे मिटले आणि बोटं केसांत घातली.

बोटं थांबली. त्यानं डोळे उघडून आरशात बघितलं. खुर्चीत तातेरावच होते.

डोकं कोरडं होतं. आठ वर्षांच्या पोराचं असावं तसं. ना चिकटपणा, ना खपली. कल्याणनं कानामागं बोट फिरवलं, भुवया बघितल्या, नाकाची कड बघितली. सगळं साफ. तीस वर्षांत जे एक दिवस हटलं नव्हतं, ते पुसून टाकल्यासारखं गेलं होतं.

“आबा!” तो ओरडलाच. “कोन्तं औषध घेतलं?”

“कशाचं?”

“डोक्याचं! तेल गेलं की सगळं. कोंडा न्हाई, खपली न्हाई. बिलकुल लेकराच्या टाळूवानी झालंय बघा.”

बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यातला एक म्हणाला, “आबा, आम्हाला बी सांगा नाव. माझी बायको रोज बोंबलती उशीच्या खोळीवरून.” सगळे हसले. तातेराव हसले नाहीत. पंखा डोक्यावर गरगरत होता, तरी त्यांच्या कपाळावर आणि मानेवर अचानक घाम फुटला. चेहरा तांबडालाल झाला.

“दाढी कर,” ते म्हणाले. “बोलू नको.”

कल्याणनं साबण लावला. वस्तराही आज वेगळाच चालत होता. तातेरावांची दाढी म्हणजे तुरीच्या खुंटासारखी राठ. आज ती पात्याखाली न जाणवता निघत होती. दोन दिवसांची वाढ म्हणाले, पण दिसत होती एका दिवसाचीही नाही. तोंड पुसून झालं तसे तातेराव उठले आणि न बोलता निघून गेले. त्यानंतर तीन आठवडे त्यांनी दुकानाची पायरी चढली नाही. घरीच हातानं दाढी करतात, असं कल्याणच्या कानावर आलं. हे ऐकून त्याला फार लागलं.

“मी काय वंगाळ बोललो?” त्यानं बायकोला, दुर्गाबाईला विचारलं.

“वंगाळ न्हाई बोलले. पण बोलले मोठ्यानं,” दुर्गाबाई म्हणाली. तिचं लक्ष त्याच्या हातांकडं होतं. “आधी ते हात दाखवून या. भाकरी मोडताना रक्त येऊन राह्यलं. मोनालीकडं जा जालन्याला.”

दिवसभर पाण्यात, साबणात, तुरटीत असणारे कल्याणचे हात त्या उन्हाळ्यात जागोजागी फुटले होते. मोनाली म्हणजे अप्पाराव गुरुजींची मुलगी. बौद्धवाड्यातलं ते घर आख्ख्या गावाला ठाऊक होतं, कारण गुरुजींनी निम्म्या गावाला पाढे शिकवले होते. मुलगी चामडीची डॉक्टर झाली आणि जालन्यात दवाखाना टाकला. ती सात वर्षांची होईपर्यंत तिचा बॉबकट कल्याणनंच केला होता.

सोमवारी दुकान बंद ठेवून तो जालन्याच्या बसमध्ये बसला.

“काका, तुम्ही?” मोनाली खुर्चीतून उठलीच. तिनं हात उलटेपालटे करून बघितले, मलम लिहून दिलं, केस धुताना घालायला पातळ हातमोजे सांगितले. कल्याण उठायला झाला आणि पुन्हा बसला.

“एक इचारू का? माझ्या हाताचं न्हाई.”

“विचारा ना.”

त्यानं सांगायला सुरुवात केली. एक माणूस आहे, तीस वर्षं डोकं तेलानं निथळायचं, भुवयांत कोंडा, नाकाला चट्टे. आणि आता चार महिन्यांत सगळं गायब. मोनाली लिहिता लिहिता थांबली.

“वय?”

“बहात्तर.”

“दाढी?”

“मऊ झाली. वाढ बी कमी.”

“बसल्या बसल्या मधेच घाम फुटतो का त्यांना? चेहरा लाल होतो?”

कल्याण तिच्याकडं बघतच राहिला. “तुम्हाला कसं ठाऊक?”

मोनालीनं पेन खाली ठेवलं. “काका, नाव सांगू नका. मला ते नकोय. आणि तुम्ही त्यांना हे चारचौघांत विचारलं असेल, तर पुन्हा विचारू नका. त्यांना सांगायचं असेल तेव्हा ते सांगतील.”

कल्याणची मान खाली गेली. तो म्हणाला, “न्हाई इचारणार. पण ते तेल जातं कुठं, एवढं तरी सांगा. लेकराला बी असतंय, मंग जातंय, मिशी आली की परत येतंय. मी चाळीस वर्षं बघून राह्यलो.”

“परत सांगा,” मोनाली म्हणाली. “लेकरांचं काय म्हणालात?”

त्यानं जावळाचं सगळं सांगितलं. पाचव्या महिन्यातली खपली, दोन वर्षांची कोरडी टाळू, मधली स्वच्छ वर्षं, लव फुटताना परतणारं तेल. मोनाली हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. त्याचं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, “काका, हे मी एवढ्या जाड पुस्तकातून शिकले. तुम्ही बोटांनी शिकलात.”

मग तिनं टॉर्चएवढं एक भिंग काढलं, कल्याणच्या नाकाच्या कडेला टेकवलं आणि समोरच्या पडद्याकडं बोट केलं. पडद्यावर उजाड रानासारखं काहीतरी दिसत होतं. त्यात खड्डे, आणि खड्ड्याखड्ड्याच्या तोंडाशी चकाकणारा थेंब.

“ही माझी कातडी?”

“तुमचीच. या प्रत्येक छिद्राच्या आत तेलाची एक बारीक ग्रंथी आहे. चेहऱ्यावर, टाळूवर, छातीवर सगळ्यात दाट. ती आपणहून फारसं तेल करत नाही. रक्तातून तिला निरोप येतो, तेव्हा करते. त्या निरोपाला हार्मोन म्हणतात. पुरुषांत तो मुख्यतः वृषणात तयार होतो.”

कल्याण क्षणभर संकोचला. मोनाली मात्र हवामान सांगावं तशी सरळ सांगत होती.

“बाळ पोटात असतं तेव्हा आईच्या आणि त्याच्या स्वतःच्या शरीरातून हे निरोप मिळतात. म्हणून जन्मलेल्या लेकराची टाळू तेलकट. काही महिन्यांत निरोप थांबतात, ग्रंथी झोपी जाते. तुम्ही म्हणता ती मधली वर्षं. मग वयात येताना वृषण कामाला लागतात, आणि ग्रंथी खडबडून जागी होते. बायकांमध्येही हा निरोप असतो, पण पुष्कळ कमी. म्हणून पुरुषांची डोकी जास्त तेलकट.”

“आन् कोंडा?”

“टाळूवर एक बुरशी राहते, सगळ्यांच्याच. ती तेलावर जगते. तेल वाढलं की तिचं फावतं, कातडी चिडते, खाज येते, पापुद्रे सुटतात.”

“मंग दोघं सख्खे भाऊ, एकाचं डोकं तेलकट अन् एकाचं कोरडं, असं कसं?”

“रक्तातला निरोप दोघांत सारखाच असू शकतो. एकाच्या ग्रंथींचे कान तिखट असतात, एवढंच. शिवाय कातडी आल्या निरोपाला स्वतःच आणखी जहाल करून घेते.”

“केवढं असतंय हे हार्मोन?” कल्याणनं तळहात पुढं केला, जणू ती त्यावर ठेवणार होती. “तोळाभर? मासाभर?”

मोनाली हसली. “दिवसभरात पुरुषाच्या शरीरात जेवढं तयार होतं, ते वजनाला मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढं.”

कल्याणनं रिकाम्या तळहाताकडं बघितलं. मोहरीचे दोन-तीन दाणे. त्यावर मिशी, त्यावर दाढी, त्यावर आवाज. तातेरावांची भुवई पांढरी करणारं, गावातल्या सगळ्या उशांच्या खोळी काळ्या करणारं तेल, तेही त्यावरच.

परतीच्या बसमध्ये त्याला मागची सीट मिळाली. पुढं सगळ्यांच्या माना आणि डोकी. एरवी त्याला कुणाची कटिंग वाकडी झालीय तेवढं दिसायचं. आज तो बघतच राहिला. एका बाईच्या खांद्यावर झोपलेलं तान्हं, त्याच्या टाळूवर खपलीचा पिवळा डाग. शाळेच्या गणवेशातली दोन पोरं, भुरभुरीत कोरड्या केसांची. कॉलेजातला एक, मानेवर पुटकुळ्यांची रांग. फेट्याखाली डोकं झाकलेला म्हातारा. बस अंबडला थांबली, माणसं चढली, उतरली, आणि कल्याणच्या मनात एकच येत राहिलं: या सगळ्यांच्या आत या घडीला निरोप चालू आहे, कुणाच्यात सुरू होतोय, कुणाच्यात थांबलाय, आणि कुणालाच पत्ता नाही. त्यानं कपाळावरून बोट फिरवलं आणि बोटावरची चकाकी उन्हात धरून बघितली. शेजारच्यानं विचारलं, “काय झालं हो?” तर त्यानं बोट पुढं करून दाखवलं.

घरी त्यानं दुर्गाबाईला सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली. “मंग तीस वर्षं तुमच्या उशीच्या खोळी मी आदळून राह्यले, ते मोहरीच्या दोन दाण्यांपायी?” मग पदर खाली करून म्हणाली, “आन् तातेरावांचे दाणे बंद कशानं झाले?”

“ते आपण इचारायचं न्हाई.”

पण माफी तर मागता येईल. चार दिवसांनी कल्याण पेटी घेऊन भल्या सकाळी मोसंबीच्या बागेत गेला. तातेराव विहिरीजवळ बाजेवर बसले होते. गालावर वस्तऱ्याचे दोन काप, हातानं दाढी करताना झालेले. कल्याण समोर उभा राहिला.

“आबा, चुकलं माझं. लोकांत बोलायला नको होतं.”

तातेरावांनी पाटातल्या पाण्यानं तोंड ओलं केलं. मग त्यांनी गाल पुढं केला. कल्याणनं साबण काढला. अर्धी दाढी झाली.

“तुला सांगितलं कुणी?” तातेराव म्हणाले.

“काय, आबा?”

“माझ्या दुखण्याचं.”

“कुणीच न्हाई. तुमच्या डोक्याला हात लावला, तवा काईतरी बदललंय एवढं कळलं. काय बदललं ते मला ठाऊक न्हाई.”

तातेरावांनी साबणाच्या तोंडानंच सांगितलं. लघवीला त्रास होत होता. मुलानं तपासणी करून घेतली. प्रोस्टेट म्हणून गाठ असते खाली, तिथं कॅन्सर निघाला, कमरेच्या हाडापर्यंत गेलेला. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असतं. “त्यानं पुरुषपण बंद होतंय, कल्याण. डॉक्टरनं आधीच सांगितल्तं. घरात बायकोला, कांताला ठाऊक हाये, पोराला ठाऊक हाये. अंगातून वाफा निघतेत, घाम फुटतो, बायकांना उतारवयात फुटतो तसा. गावात कळलं तर माझ्या मिशीकडं बघून लोक हसतील.”

कल्याणनं वस्तरा पुसला. मग त्याला जे ठाऊक झालं होतं, ते त्यानं सांगितलं. ग्रंथी, निरोप, झोपलेली वर्षं, मोहरीचे दाणे. तातेराव आधी नुसतं ऐकत होते. मग सरळ होऊन बसले.

“थांब. ते तेल कुणाच्या सांगण्यानं येतं म्हणाला?”

“त्याच हार्मोनच्या.”

“अरे, मला बी डॉक्टर तेच बोलला! ती गाठ त्याच हार्मोनवर वाढती म्हणे. म्हणून तर इंजेक्शन. त्याचं खाणं तोडायचं.” तातेरावांनी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. “म्हंजी वर बी तोच अन् खाली बी तोच? वरचं तेल आटलं, तसं खाली ती गाठ बी उपाशी पडून राह्यली?”

हे कल्याणलाही ठाऊक नव्हतं. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. एकाच्या तोंडाला साबण, दुसऱ्याच्या हातात वस्तरा.

कल्याणनं फोन काढून मोनालीला लावला. “डॉक्टर, त्या दिशी म्या एका डोक्याचं इचारल्तं…” एवढंच बोलला आणि अडखळला, कारण नाव सांगायचं नव्हतं. तातेरावांनी त्याच्या हातातून फोन घेतला.

“मी तातेराव बोलतो, बाई. अप्पाराव गुरुजींच्या लेकीला नमस्कार. ते डोकं माझंय.”

त्यांनी तिला सगळं विचारलं. गाठीचं, तेलाचं, घामाचं. पलीकडून मोनाली सावकाश सांगत होती, आणि तातेराव मान डोलवत होते. हो, हार्मोन एकच. तेल आटलं म्हणजे निरोप खरंच थांबलाय, अशी ती एक खूण मानता येईल. पण गाठीचं खरं काय ते रक्ताच्या तपासणीत आणि तुमच्या डॉक्टरकडूनच कळेल. नुसत्या डोक्यावर भरवसा ठेवून तपासणी चुकवू नका. घामावर उपाय आहेत, त्यांना सांगा, लाजू नका.

तातेरावांनी फोन परत दिला. गालावरचा साबण वाळून गेला होता. मग म्हणाले, “पन्नास वर्षं त्या तेलाला शिव्या दिल्या. माझी मिशी, माझी पोरं, माझं तेल, एकाच चुलीवर शिजत होतं म्हण की. मला कळलंच न्हाई कधी.”

“मला बी न्हाई, आबा. आन् मी तर रोज हात लावून राह्यलो.”

वैशाखात रक्ताचा रिपोर्ट आला. गाठीचा माग सांगणारा आकडा पुष्कळ खाली गेला होता. दुखणं मुळासकट गेलं असं डॉक्टर म्हणाला नाही. इंजेक्शनं चालू ठेवायची होती, हाडांसाठी वेगळ्या गोळ्या आणि रोज चालणं सांगितलं होतं. तातेराव शनिवारी पुन्हा दुकानात येऊ लागले. घाम फुटला की उपरण्यानं उघडपणे पुसायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, “इंजेक्शन चालू हाये.” पुढं कुणी कशाचं म्हणून विचारलंच, तर तेही सांगायचे. हसलं मात्र कुणी नाही.

आषाढाच्या सुमारास शेजारच्या वस्तीवरचा रामकिसन दाढीला आला. पासष्टीचा माणूस. तो पुढं निघाल्यावर बाहेर थांबलेल्या त्याच्या बायकोनं मागं राहून कल्याणला हळूच सांगितलं, की हे रात्री पाच-पाच वेळा उठतात, थेंब थेंब लघवी होते म्हणतात, आणि दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येतात. कल्याणनं हे तातेरावांच्या कानावर घातलं. कुणाचं नाव कुणाला सांगू नये हे तो शिकला होता, तरी यावेळी त्यानं सांगितलं.

तातेराव स्वतः रामकिसनच्या वस्तीवर गेले. काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या जालना बसमध्ये दोघं शेजारी शेजारी बसलेले कल्याणला दुकानातून दिसले. रामकिसन खिडकीतून बाहेर तोंड करून, आणि तातेराव त्याला काहीतरी समजावत. दोन बोटांच्या चिमटीत, नजरेलाही न दिसणारी एवढीशी काहीतरी वस्तू धरून ते दाखवत होते. रामकिसन हळूहळू वळला आणि त्या रिकाम्या चिमटीकडं डोळे मोठे करून बघायला लागला. तेवढ्यात बस सुटली.

रामकिसनची गाठ साधी निघाली, कॅन्सरची नव्हे. गोळ्यांवर भागलं.